भात उकळला तरी जंतू उरतो तो कसा?

उन्हाळा लागला की बडोद्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो: शिळा भात म्हणजे विष. २०२३ साली ‘फ्राइड राइस सिंड्रोम’ या नावाने हे प्रकरण जगभर गाजलं आणि तेव्हापासून दर वर्षी कोणाला तरी त्याचा नव्याने शोध लागतो. मूळ घटना २००८ मधली, ब्रसेल्सची. वीस वर्षांचा एक विद्यार्थी पाच दिवस बाहेर राहिलेलं अन्न गरम करून जेवला आणि दगावला. ते अन्न भात नव्हतंच, स्पॅगेटी होती. पण शिळ्या स्पॅगेटीचा मजकूर दांडिया बाजारात कोण कोणाला पाठवणार?

मजकूर सोडा, त्यावर माझ्या मावशीने विचारलेला प्रश्न रास्त होता. “अगं, भात चांगला रटरट शिजतो. त्यात जंतू जिवंत राहीलच कसा? आणि राहिला असला तर सकाळी फोडणीत तरी मरायला नको का?”

थोडक्यात उत्तर असं, की काही जिवाणू अडचणीच्या काळात बीजाणू बनवतात आणि बीजाणूला उकळतं पाणी पुरत नाही. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण औषधांच्या कारखान्यातल्या मायक्रोबायोलॉजी प्रयोगशाळेत काम करत असल्यामुळे मला त्यापुढचा भाग जास्त नवलाचा वाटतो. ज्या एका पेशीला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तिला बीजाणू कधी बनवायला घ्यायचा, आधी काय, मग काय आणि कुठे थांबायचं, हे जमतं कसं? याचं गमक असं, की या कामाचे अधिकारी ती वेळेआधीच नेमून ठेवते आणि वेळ येईपर्यंत त्यांना बोटही हलवू देत नाही.

बीजाणू म्हणजे काय, आणि काय नव्हे

माती, धूळ, शेण, गवत, धान्य यांवर राहणाऱ्या काही जिवाणूंकडे ही सोय असते. खाणं संपत आलं की पेशी स्वतःच्या पोटात एक छोटी, टणक, कोरडी पेशी घडवते. हाच बीजाणू. बुरशीचे बीजाणू वेगळे. ते वंश वाढवायला असतात आणि ढिगाने सुटतात. जिवाणूच्या एका पेशीतून बीजाणू एकच निघतो. संख्या वाढत नाही, जीव तेवढा तगतो.

१८७६ साली फर्डिनांड कोन या जर्मन शास्त्रज्ञाने गवताच्या काढ्यात हे पाहिलं. काढा उकळला तरी त्यात पुन्हा जिवाणू उगवत होते. त्याच वर्षी रॉबर्ट कॉखने ॲन्थ्रॅक्सच्या जिवाणूचं जीवनचक्र बीजाणूसकट मांडलं. कोनच्या काढ्यातला जिवाणू म्हणजे बॅसिलस सबटिलिस. तो निरुपद्रवी आहे, प्रयोगशाळेत सहज वाढतो, त्यामुळे बीजाणूंबद्दल आज जे कळलंय त्यातलं बहुतेक त्याच्यावरूनच. भातातला बॅसिलस सिरियस हा त्याचा भाऊबंद.

बीएस्सीला ज्यांनी बीजाणूंची स्लाइड केली असेल त्यांना मॅलाकाइट ग्रीन आठवत असेल. हा हिरवा रंग स्लाइडवर ओतायचा, खालून वाफ द्यायची, रंग सुकू द्यायचा नाही, मग पाण्याने धुऊन लाल सॅफ्रनिन घालायचं. साध्या पेशीतून हिरवा रंग धुतला जातो आणि ती गुलाबी दिसते. बीजाणूत मात्र तो वाफेशिवाय शिरत नाही आणि एकदा शिरला की निघत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी कांडीच्या एका टोकाकडे हिरवा ठिपका दिसतो. आपली बोटंही हिरवी होतात, ती साबणाला दाद देत नाहीत.

एवढा चिवटपणा येतो कुठून? गाभ्यातलं पाणी फार कमी झालेलं असतं. त्याच्या जागी कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल ठासून भरलेलं असतं; बीजाणूच्या कोरड्या वजनाचा साधारण दहावा भाग तेवढाच. डीएनएला छोटी छोटी प्रथिनं लगटून बसतात आणि त्याला जपतात. बाहेर जाड भिंत आणि तिच्यावर प्रथिनांचे थर. अशा अवस्थेत बीजाणू वर्षानुवर्षं राहू शकतो. १९४२ साली ब्रिटिशांनी स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर ॲन्थ्रॅक्सच्या बॉम्बची चाचणी मेंढ्यांवर घेतली. १९८६ साली समुद्राच्या पाण्यात फॉर्मल्डिहाइड मिसळून ते बेट अक्षरशः भिजवावं लागलं, तेव्हा कुठे १९९० मध्ये ते निर्धोक ठरलं.

आमच्याकडे तर बीजाणू पगारावर नसले तरी कामाला आहेत. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, १२१ अंश सेल्सियसची वाफ खरोखर सगळीकडे पोचली की नाही, हे बघायला जांभळ्या द्रवाच्या छोट्या काचकुप्या मालाबरोबर आत ठेवतात. त्या द्रवात जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस नावाच्या, उष्णता सोसण्यात पटाईत जिवाणूचे साधारण दहा लाख बीजाणू असतात. बाहेर काढून कुपी उबेत ठेवायची. जांभळी राहिली तर बीजाणू मेले. पिवळी पडली तर कोणीतरी वाचलंय, आणि मग अख्खी बॅच अडकते. सोबत एक कुपी ऑटोक्लेव्हमध्ये न घालता तशीच उबेत ठेवतात. ती पिवळी पडलीच पाहिजे, नाहीतर चाचणीलाच अर्थ नाही.

हे काम पेशीला परवडतं का?

सहसा नाही. सबटिलिसला बीजाणू बनवायला सात-आठ तास लागतात. पोटभर खाणं असेल तर तीच पेशी साधारण अर्ध्या तासात दुप्पट होते. म्हणजे आठ तासांत एकीच्या पासष्ट हजार. त्या ऐवजी हाती येतो एक बीजाणू, तोही झोपलेला. शिवाय तो घडवणारी पेशी शेवटी फुटून मरते. एका टप्प्यानंतर परतही फिरता येत नाही. खाणं तात्पुरतंच कमी झालं असेल आणि पेशी घाबरून बीजाणूच्या मागे लागली, तर शेजारणी तिला कुठल्या कुठे मागे टाकतील.

म्हणून पेशी आधी बाकी सगळं करून बघते. पोहत दुसरीकडे जाते. आजूबाजूचं स्टार्च आणि प्रथिनं फोडणारी द्रव्यं बाहेर सोडते. चिकट थर करून सगळ्या एकत्र राहतात. आणि एक उद्योग असा, की भाऊबंदकीची सवय असलेल्यांनाही तो जरा जास्तच वाटेल: ज्या पेशींची बीजाणूकडे वाटचाल सुरू झालीय त्या विष सोडून, अजून सुरुवात न केलेल्या आपल्याच बहिणींना फोडतात आणि त्यातून सांडलेलं खाणं खाऊन बीजाणूचा मुहूर्त पुढे ढकलतात. २००३ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला सरळ स्वजातिभक्षण म्हटलं.

सही होईपर्यंत फाइल फिरते

आता थोडी परिभाषा, एकदाच. जनुक म्हणजे डीएनएचा असा तुकडा, ज्याच्यावरून पेशी एखादं प्रथिन बनवते. सबटिलिसकडे चार हजारांहून जास्त जनुकं आहेत आणि ती सगळी एका वेळी चालू नसतात. कोणतं चालू करायचं, कोणतं बंद ठेवायचं, हे ठरवणाऱ्या प्रथिनांना नियामक म्हणतात. मगाशी अधिकारी म्हटलं ते हेच.

बीजाणूच्या बाबतीत सगळ्यात वरच्या नियामकाचं नाव स्पो-झीरो-ए. तो शंभराहून जास्त जनुकांवर थेट हुकूम चालवतो. तो पेशीत एरवीही थोडाफार असतो, पण त्याला फॉस्फेटचा एक अणुगट चिकटल्याशिवाय तो कामाला लागत नाही. हा फॉस्फेट म्हणजे शिक्का समजा. सरकारी कचेरीतल्या फाइलीसारखा तो टेबलाटेबलावरून येतो. पहिल्या टेबलावर किन-ए आणि त्याच्यासारखी प्रथिनं बसलेली. उपासमारीची चाहूल लागली की ती स्वतःवर शिक्का मारून घेतात. तिथून तो स्पो-झीरो-एफकडे, तिथून स्पो-झीरो-बीकडे आणि मग साहेबांकडे, म्हणजे स्पो-झीरो-एकडे. ही साखळी १९९१ साली उलगडली.

कचेरीत कधी काम पडलेल्या कोणालाही प्रश्न पडेल, की शिक्का पहिल्याच टेबलावरून थेट साहेबांकडे का नाही? कारण मधली टेबलं अडवायला उपयोगी पडतात. रॅप नावाची काही प्रथिनं दुसऱ्या टेबलावरच शिक्का खरवडून काढतात. आणखी एक प्रथिन थेट साहेबांच्या हातातला शिक्का काढून घेतं. डीएनएला इजा झाली असेल किंवा त्याची प्रत काढायचं काम नुकतंच सुरू झालं असेल, तर एसडीए नावाचं छोटंसं प्रथिन पहिल्या टेबलालाच धरून ठेवतं. हे फार मोलाचं आहे, कारण पुढे डीएनएच्या दोन पूर्ण प्रती लागणार असतात. दीड प्रतीवर बीजाणू बनत नाही.

अडवणाऱ्यांनाही अडवणारे आहेत. पेशी पाच अमिनो आम्लांचे बारके तुकडे बाहेर सोडते आणि पुन्हा आत घेते. हे तुकडे आत येऊन काही रॅप प्रथिनांना निकामी करतात. आजूबाजूला आपल्यासारख्या पेशी भरपूर असल्या की तुकडेही भरपूर साचतात. म्हणजे उपास एकटीलाच घडतोय की सगळ्या वस्तीला, याचा अंदाज या हिशोबात आपोआप धरला जातो.

या सगळ्या अडवाअडवीमुळे शिक्का मिळालेल्या स्पो-झीरो-एचं प्रमाण हळूहळू चढतं, आणि ते हळू चढणंच महत्त्वाचं आहे. थोडं प्रमाण असताना चिकट थर, विष, असली किरकोळ कामं सुरू होतात. बीजाणूची मुख्य जनुकं खूप जास्त प्रमाण झाल्याशिवाय हलत नाहीत. २००५ च्या प्रयोगांत शास्त्रज्ञांनी मुद्दाम सगळी टेबलं टाळून, आपोआप चालू राहणारा स्पो-झीरो-ए एकदम पेशीत भरला. बीजाणू नीट बनले नाहीत. उलट पहिल्या टेबलावरचा किन-ए वाढवला आणि बाकीची फाइल तिच्या चालीने फिरू दिली, तर भरपूर खाणं असतानाही पेशी बीजाणू बनवू लागल्या. लाल फितीची इतकी चांगली वकिली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

एका पेशीचे दोन कप्पे

सही झाली की पेशी दुभंगते, पण मधोमध नाही. मधली भिंत एका टोकाजवळ उभी राहते. छोट्या कप्प्याचा बीजाणू होणार, मोठा कप्पा त्याला घडवणार. मोठ्याला मातृपेशी म्हणतात. पुढे मातृपेशी छोट्याला चहूबाजूंनी वेढून गिळते, त्यामुळे तो तिच्या पोटात तरंगू लागतो. मग ती त्याच्यावर थर चढवते आणि शेवटी फुटते.

दोघांकडे डीएनए तंतोतंत सारखं. तरी एकाने झोपायचं आणि दुसऱ्याने राबून मरायचं, हे ठरतं नियामकांवरून. जनुकाची नक्कल काढणारं एक मोठं यंत्र पेशीत असतं. त्याला कुठल्या जनुकाच्या तोंडाशी बसायचं हे सांगणारा सुटा भाग म्हणजे सिग्मा. सिग्मा बदलला की तेच यंत्र वेगळ्या जनुकांवर जाऊन बसतं. बीजाणू बनताना चार खास सिग्मा पाळीपाळीने येतात: आधी छोट्या कप्प्यात सिग्मा-एफ, मग मातृपेशीत सिग्मा-ई, पुन्हा छोट्यात सिग्मा-जी आणि शेवटी मातृपेशीत सिग्मा-के.

नेमणूक झाली, पण हात बांधलेले

सिग्मा-एफ भिंत उभी राहायच्या आधीच तयार असतो. तेव्हाच तो सुटला तर अख्खी पेशी छोट्या कप्प्यासारखी वागू लागेल. म्हणून एक दुसरं प्रथिन त्याला मिठी मारून बसतं. त्याला पहारेकरी म्हणू. या पहारेकऱ्याला बाजूला करणारं तिसरं प्रथिनही पेशीत हजर असतं, पण पहारेकरी मोठा बेरकी: तोच त्या सोडवणाऱ्यावर फॉस्फेट चिकटवून त्याला लुळा करून ठेवतो. भिंत उभी राहिली, की तिच्याच अंगाला असलेलं एक चौथं प्रथिन छोट्या कप्प्यात तो फॉस्फेट काढतं. सोडवणारा मोकळा होतो, पहारेकऱ्याला पकडतो आणि सिग्मा-एफ सुटतो. इथे फॉस्फेटचा अर्थ पहिल्या साखळीच्या बरोबर उलटा आहे. तिथे तो लागला की काम सुरू, इथे तो निघाला की.

याच ठिकाणी निसर्गाने केलेली एक करामत मला सगळ्यात जास्त आवडते. भिंत उभी राहते तेव्हा छोट्या कप्प्यात डीएनएचा जेमतेम ३० टक्के भाग आलेला असतो. उरलेला भाग भिंतीतला एक पंप आत ओढून घेतो आणि त्याला साधारण पंधरा मिनिटं लागतात. पहारेकऱ्याचं जनुक नेमकं मागे राहिलेल्या भागात आहे. पहारेकरी प्रथिन फार टिकत नाही, सारखं नवं बनवावं लागतं. म्हणजे त्या पंधरा मिनिटांत छोट्या कप्प्यात जुने पहारेकरी मोडत राहतात आणि नवे येत नाहीत. जनुक लांबीवर कुठे ठेवलंय, यानेच वेळ साधली. वेगळ्या घड्याळाची गरज नाही.

मातृपेशीतला सिग्मा-ई दुसऱ्या पद्धतीने बांधलेला असतो. त्याच्या एका टोकाला २७ अमिनो आम्लांची जादा शेपटी असते आणि ती असेपर्यंत तो निरुपयोगी. शेपटी कापणारं प्रथिन भिंतीत तयार बसलेलं असतं, पण ते इशाऱ्याशिवाय कापत नाही. इशारा देणारं प्रथिन बनतं छोट्या कप्प्यात, सिग्मा-एफच्या हुकमाने. म्हणजे पलीकडचं काम सुरू झाल्याची खबर आल्याशिवाय अलीकडचा अधिकारी खुर्चीवर बसत नाही. सिग्मा-जी छोट्या कप्प्याला पूर्ण गिळून झाल्यावरच पुरता जागा होतो. तोवर दोन कप्प्यांमध्ये एक नळीवजा जोडणीही झालेली असते. मग सिग्मा-जीच्या सांगण्यावरून निघालेला इशारा मातृपेशीकडे जातो आणि तिथे सिग्मा-केची शेपटी कापली जाते. निरोप एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे, असा चालू राहतो.

एक जनुक तर तोडूनच ठेवलेलं

सबटिलिसमध्ये सिग्मा-केच्या बाबतीत खबरदारी टोकाला गेली आहे. त्याचं जनुक एरवी सलग नसतंच. मध्ये डीएनएचा सुमारे ४८ हजार अक्षरांचा परका तुकडा घुसलेला असतो, बहुधा जुन्या काळी शिरलेल्या एखाद्या विषाणूचा अवशेष. बीजाणू बनताना मातृपेशीत एक प्रथिन हा तुकडा कापून काढतं आणि जनुकाची दोन टोकं जोडतं, तेव्हा कुठे सिग्मा-के बनू शकतो. १९८९ मध्ये हे समोर आलं.

स्वतःच्या डीएनएला कायमची कात्री लावणं धोक्याचं नाही का? मातृपेशीला नाही, कारण ती थोड्याच वेळात मरणार आहे. छोट्या कप्प्यातल्या प्रतीला कोणी हात लावत नाही, ती मूळ स्वरूपात पुढच्या पिढीला मिळते. सगळ्या बीजाणूधारी जिवाणूंत हा तुकडा नसतो, त्याच्याशिवायही अनेकांचं व्यवस्थित चालतं. त्यामुळे ही मुद्दाम केलेली योजना म्हणावी की अंगावर आलेलं संकट कामाला जुंपलं म्हणावं, यावर मी तरी दुसऱ्या बाजूची आहे.

एवढे बंध हवेत तरी कशाला?

एकेक बंध तोडून बघितला की कळतं. सिग्मा-ई जागाच झाला नाही, तर पेशीच्या दुसऱ्या टोकालाही भिंत उभी राहते. मग दोन्ही टोकांना होऊ घातलेले बीजाणू, आणि मधल्या, त्यांना घडवणाऱ्या कप्प्यात डीएनएच नाही. सगळंच फुकट. सिग्मा-केला इशाऱ्याची वाट बघायला न लावता लवकर सोडला, तर बीजाणू कमी बनतात आणि जे बनतात त्यांना पुढे नीट जागं होता येत नाही. कवच चढलं, पण आतली तयारी व्हायच्या आधी.

नियामक ऐन वेळी नव्याने बनवायचा तर जनुकाची नक्कल काढा, मग प्रथिन घडवा, यात वेळ जातो. आधीच बनवून बांधून ठेवला तर नुसतं सोडायचं काम उरतं. पण मग सोडणारा चुकता कामा नये. म्हणून सोडण्याचा इशारा प्रत्येक वेळी आधीचं काम झाल्याच्या पुराव्याला बांधलेला आहे: भिंत उभी राहिली, गिळणं संपलं, पलीकडून निरोप आला.

म्हणजे जिवाणू विचार करतो की काय?

नाही. लिहिताना ‘पेशी ठरवते’ असं म्हणावं लागतं, कारण दर वेळी ‘फॉस्फेटचं प्रमाण अमुक पातळीच्या वर गेलं’ असं लिहिलं तर कोणी वाचणार नाही. एकाच भांड्यात, एकाच उपासमारीत सगळ्या पेशी एकाच वेळी बीजाणू बनवत नाहीत. काही लवकर, काही उशिरा, काही नाहीच. प्रथिनांच्या संख्येतले बारीक, आपोआप होणारे चढउतार त्याला कारण. त्यामुळे पाऊस पडून खाणं परत आलं तर वाढायला कोणी उरलेलं असतं, नाही आलं तर झोपलेलं कोणी असतं.

मग शिळ्या भाताचं काय करायचं?

तांदळावर बॅसिलस सिरियसचे बीजाणू शेतापासूनच असतात. उकळल्याने बाकीचे जंतू मरतात, हे उरतात, आणि उष्णतेचा दणका त्यांना पुढे जागं व्हायला मदतच करतो. भात कोमट झाला की ओल आणि खाणं दोन्ही तयार. बीजाणूचा पुन्हा जिवाणू होतो आणि वाढू लागतो. त्याच्या काही जाती सेरुलाइड नावाचं विष बनवतात. ते १२१ अंशांनाही दाद देत नाही, मग फोडणीची काय कथा. फोडणीत जिवाणू मरतात, विष राहतं. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं, ब्रसेल्ससारखं क्वचित घडतं.

“आम्ही कुकर लावतो,” असं मावशी म्हणालीच. कुकरच्या आत पूर्ण दाब धरला तर उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते आणि उघड्या पातेल्यापेक्षा कितीतरी जास्त बीजाणू मरतात. पण सगळे मेले याची हमी नाही. शिवाय झाकण उघडल्यावर डाव, पातेलं, हात यांवरून नवे येतातच.

“आणि आमच्या आईने जन्मभर रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकला, त्याचं?” हेही खरं. प्रत्येक जातीत विष बनवण्याची क्षमता नसते, आणि त्रास व्हायला ग्रॅममागे लाखाच्या आसपास किंवा जास्त जिवाणू लागतात. सगळा हिशोब किती तास आणि किती ऊब याचा. डिसेंबरातली रात्र वेगळी आणि बडोद्यातला मे वेगळा, जिथे रात्री ओट्यावरचं पातेलं थंड म्हणून होत नाही. उरलेला भात तासाभरात ताटात पसरून निववा, फ्रीजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा. फोडणीचा भात म्हणा, शेजारच्या बेनांसारखा वघारेला भात म्हणा, खुशाल करा. रात्रभर बाहेर राहिलेला मात्र टाकून द्या.

भातापलीकडेही हाच बीजाणू भेटतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं. अशा वेळी गाळ उपसताना पाय कापला की डॉक्टर आधी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारतात, कारण धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू माती-शेणात असतात आणि खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत जागे होतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये म्हणतात, तेही बोट्युलिझम हा आजार करणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे. इस्पितळात जुलाबाची साथ पसरवणारा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल असेल तर सॅनिटायझर पुरत नाही. अल्कोहोलने बीजाणू मरत नाही, साबण-पाण्याने तो हातावरून निघून तरी जातो. आणि बीजाणू नेहमी शत्रूच असतो असंही नाही. जुलाबावर डॉक्टर ज्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या देतात, त्यांतल्या काहींत बॅसिलस क्लॉसीचे २०० कोटी बीजाणू असतात. जठराच्या आम्लातून जिवंत पार व्हायला बीजाणूइतकं सोयीचं दुसरं काय?

कपाशीपर्यंत पोचलेली गोष्ट

बडोद्याजवळच्या करजण-डभोईकडे शेती असलेल्यांना बीटी कपाशी नवी नाही. भारतात तिला २००२ मध्ये परवानगी मिळाली. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, सिरियसचा सख्खा भाऊ. बीजाणू घडवताना याची मातृपेशी सोबत अळीला मारणाऱ्या प्रथिनाचा स्फटिकही बनवते. त्या प्रथिनांची बरीच जनुकं सिग्मा-ई आणि सिग्मा-केच्या हुकमाखाली असतात, म्हणून स्फटिक मातृपेशीतच आणि बीजाणू बनण्याच्या वेळीच तयार होतो. कपाशीत हे जनुक घालताना पुढची चालू-बंद करणारी सगळी व्यवस्था काढून वनस्पतीला समजेल अशी दुसरी बसवली. त्यामुळे कपाशी ते प्रथिन वेळकाळ न बघता बनवते. बीटी कपाशीतून बीजाणू पोटात जातील अशी भीती अधूनमधून ऐकू येते. झाडात बीजाणूही नाही आणि तो बनवणारं काहीही नाही.

बनूच दिला नाही, किंवा जागा करून मारला, तर?

दोन्ही प्रयत्न चालू आहेत. डिफिसिलवरचं फिडॅक्सोमायसिन हे औषध जनुकांची नक्कल काढणाऱ्या यंत्रावरच घाव घालतं, आणि प्रयोगशाळेत त्याने बीजाणू बनण्याचं प्रमाणही घटतं. अडचण अशी, की सबटिलिसमध्ये कळलेलं सगळं तिथे जसंच्या तसं लागू पडत नाही. डिफिसिलमध्ये फाइलीची मधली टेबलंच नाहीत, शिक्का पहिल्या टेबलावरून थेट साहेबांकडे जातो. दोन कप्प्यांमधले निरोपही तितके काटेकोर नाहीत. म्हणजे सबटिलिसच्या मधल्या टेबलाला अडवणारं औषध शोधलं, तर डिफिसिलमध्ये त्याला अडवायला काही सापडणारच नाही.

जागं करून मारण्याची युक्ती मात्र जुनी आहे. १८७७ मध्ये जॉन टिंडलने काढा एकदा भरपूर उकळण्याऐवजी अंतराअंतराने थोडा थोडा उकळून बघितला. मधल्या काळात बीजाणू जागे होऊन साधे जिवाणू बनतात आणि पुढच्या उकळीत मरतात. यावरून लागोपाठ तीन दिवस वाफ देण्याची पद्धत पडली, आणि जास्त उष्णता न सोसणाऱ्या पोषक द्रवांसाठी ती बराच काळ वापरात होती. साध्या पाण्यात ती चालत नाही, कारण खाण्याची चाहूल लागल्याशिवाय बीजाणू जागा होत नाही. आणि चाहूल लागली तरी प्रत्येक ढिगात थोडे असे निघतात, जे बाकीचे उठले तरी उठत नाहीत. हे अतिनिद्रिस्त बीजाणू त्या तीन उकळ्यांतून सुखरूप बाहेर येतात, म्हणून औषधांच्या कारखान्यात ही पद्धत कोणी भरवशाची मानत नाही. तिथे १२१ अंशांची वाफच लागते, आणि जांभळ्या कुपीचा निकाल आल्याशिवाय माल हलत नाही.